आधी उभं राहायला शिका

2017 साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये मुंबईकडच्या एका किशोरवयीन मुलाला प्रवेश मिळाला. अमिरुद्दीन शाह त्याचं नाव. वडील वेल्डिंगचं काम करणारे. त्याआधीच्या जेमतेम दोन-तीन वर्षांतच तो बॅले शिकला होता. त्यापूर्वी कोलांट्या आणि उड्या होत्या, त्याही बघून बघून उचललेल्या. मुंबईतल्या ‘द डान्सवर्क्स’ या संस्थेत येहुदा माओर नावाचे इस्रायली-अमेरिकन गुरू बॅले शिकवत होते. त्यांची नजर या मुलावर गेली आणि त्यांनी त्याला अगदी पायापासून घडवायला घेतलं. त्याच वर्गात मनीष चौहान होता, टॅक्सीचालकाचा मुलगा. तो तर बॅलेच्या मानाने फारच उशिरा आला होता. पुढे दिग्दर्शिका सूनी तारापोरवाला यांनी या दोघांच्या प्रवासावर बेतलेला ‘ये बॅले’ हा चित्रपट केला, तो 2020 मध्ये नेटफ्लिक्सवर आला आणि त्यात मनीषने स्वतःच्याच आयुष्यावरची भूमिका केली.

असा चित्रपट किंवा त्यातला एखादा तुकडा आज मोबाइलवर कुठेही पोहोचतो. नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर तालुक्यात, सुरत-धुळे महामार्गावरच्या विसरवाडीतही पोहोचतो. इथल्या मुलांना नाच नवा नाही. होळीचा ढोल, लग्नातला नाच, 9 ऑगस्टच्या आदिवासी दिनाची मिरवणूक, शाळेचं स्नेहसंमेलन, यांत ती लहानपणापासून नाचतात. भिल्ल, मावची, कोकणी घरांत तर चालायला लागलेलं पोर मोठ्यांचा हात धरून रांगेत शिरतं. अशा एखाद्या मुलाला किंवा मुलीला पडद्यावरची ती हवेत थांबल्यासारखी उडी दिसली आणि ‘मला हे शिकायचंय’ असं तिने घरी सांगितलं, तर आईवडिलांनी काय करायचं? शाळेतल्या बाईंनी काय सांगायचं? हे प्रकरण त्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. दोन तासांच्या चित्रपटात मावत नाही असा भाग, म्हणजे पहिल्या वर्षाचे धडे, इथे सांगायचा आहे.

दरबारातून रंगमंचावर

बॅलेचा उगम लोकनृत्यात नाही, राजदरबारात आहे. पंधराव्या शतकात इटलीतल्या सरदारांच्या मेजवान्यांत नाच, संगीत आणि देखावे यांचे मोठे कार्यक्रम होत. तिथून ती आवड फ्रान्सच्या दरबारात गेली. चौदावा लुई हा फ्रान्सचा राजा स्वतः उत्तम नाचायचा. 1653 मध्ये एका बॅलेत तो सूर्य बनून रंगमंचावर आला होता. 1661 मध्ये त्याने नृत्याची राजमान्य अकादमी काढली आणि त्याचे नृत्यगुरू पिएर बोशाँ यांनी पायांची पाच मूळ स्थानं पक्की केली. साडेतीनशे वर्षं झाली तरी जगातल्या प्रत्येक बॅले वर्गाची सुरुवात याच पाच स्थानांनी होते, आणि सूचना फ्रेंचमध्येच दिल्या जातात. म्हणून टोकियोत शिकलेली मुलगी मुंबईच्या वर्गात उभी राहिली तरी तिला सगळं कळतं.

आपल्याकडे बॅले म्हणजे मुलींचा नाच असा समज आहे. इतिहास उलटा आहे. पॅरिसच्या ऑपेरात व्यावसायिक नर्तकी पहिल्यांदा रंगमंचावर आल्या त्या 1681 मध्ये. तोवर तिथे स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करत. पायाच्या बोटांच्या टोकावर नाचण्याचं तंत्र तर आणखी उशिराचं. 1832 मध्ये मारी तालियोनी हिने ‘ला सिल्फीद’मध्ये ते गाजवलं आणि तेव्हापासून ती नर्तकीची ओळख झाली. मुलगे साधारणपणे टोकावर नाचत नाहीत. त्यांच्या शिक्षणात मोठ्या उड्या, हवेतल्या गिरक्या आणि जोडीदारणीला उचलणं यांवर भर असतो.

महाराष्ट्राचा बॅलेशी संबंध कालपरवाचा नाही. रशियन नर्तकी ॲना पाव्हलोव्हा 1920 च्या दशकात दोनदा भारतात आली आणि मुंबईत नाचली. तिच्यासोबत 1923 मध्ये लंडनला तरुण उदय शंकर ‘राधा-कृष्ण’मध्ये उभे राहिले, आणि त्याच सुमारास तिच्या कंपनीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर बेतलेला एक बॅलेही केला. मुंबईत राहणाऱ्या मॅडम मेनका यांनी कथकचा आधार घेऊन नृत्यनाट्यं बसवली आणि खंडाळ्याला नृत्यशाळा चालवली. 1952 मध्ये शांती बर्धन यांनी मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ उभा केला. त्यांचं कळसूत्री बाहुल्यांच्या ढंगातलं ‘रामायण’ खूप गाजलं. मेनका आणि बर्धन यांची ही नृत्यनाट्यं भारतीय तंत्रावर उभी होती. युरोपीय पद्धतीचं शास्त्रशुद्ध बॅले शिक्षण मुंबईत टिकून राहिलं ते तुष्णा डल्लास यांच्यासारख्या शिक्षकांमुळे. त्यांनी 1966 मध्ये शाळा सुरू केली.

पाय वळतो तो खुब्यातून

बॅले नर्तकाचे दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वळलेले असतात. याला टर्नआउट म्हणतात. नवशिक्याच्या बहुतेक चुका आणि दुखापती इथेच जन्म घेतात, म्हणून ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

मांडीचं हाड कमरेला जिथे जोडलेलं असतं तो उखळीचा सांधा. हाडाचा गोल माथा खोबणीत बसलेला असतो आणि तो सगळ्या दिशांना फिरतो. पाय बाहेर वळवायचा तो या सांध्यातून. नितंबाच्या आत खोलवर सहा छोटे स्नायू आहेत. मांडी बाहेर फिरवण्याचं आणि ती तिथे धरून ठेवण्याचं मुख्य काम त्यांचं. मांडी वळली की गुडघा वळतो, गुडघ्यामागोमाग पाऊल वळतं. हा क्रम उलटला की घोटाळा होतो. मूल चित्रात बघतं की दोन्ही पावलं एका सरळ रेषेत आहेत. मग ते पावलं जमिनीवर रेटून तशी लावतं. मांडी तेवढी वळलेली नसते, म्हणून सगळा पीळ गुडघ्यावर आणि घोट्यावर येतो, तळव्याची कमान आत कोसळते आणि अंगठ्यावर भार पडतो. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा उघडमीट करणारा सांधा आहे. रोजचा पीळ त्याला सोसत नाही.

प्रत्येकाच्या खुब्याची खोबण आणि हाडाचा कोन वेगळा असतो. कोणाचा पाय सहज खूप वळतो, कोणाचा कमी. सरावाने स्नायू बळकट होतात, हाडाची ठेवण मात्र बदलत नाही. म्हणून पहिल्या वर्षाचा नियम एकच: मांडी जेवढी वळते तेवढंच पाऊल वळवायचं. दोन पावलांमध्ये काटकोन झाला तरी सुरुवातीला पुष्कळ झालं. खात्री करून घ्यायची असेल तर गुडघे थोडे वाकवून खाली बघा. गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या वर आला पाहिजे. तो आत पडत असेल, तर पाऊल जास्त वळलेलं आहे.

पाच स्थानं

पहिलं स्थान: टाचा जुळलेल्या, चवडे बाहेर. दुसरं: तीच रेषा, पण दोन टाचांत साधारण एका पावलाएवढं अंतर. तिसरं: एका पायाची टाच दुसऱ्याच्या मध्यावर टेकलेली. चौथं: एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे, मध्ये एका पावलाची मोकळी जागा. पाचवं: दोन्ही पावलं एकमेकांना पूर्ण चिकटलेली, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांशी. हातांचीही अशीच स्थानं आहेत. त्यांचे क्रमांक मात्र निरनिराळ्या परंपरांत बदलतात. रशियात अग्रिपिना वागानोवा यांनी 1934 मध्ये आपल्या पद्धतीचं पुस्तक लिहिलं. इटालियन गुरू चेकेट्टी यांची पद्धत वेगळी. लंडनमध्ये 1920 मध्ये सुरू झालेल्या आणि आज ‘रॉयल ॲकॅडमी ऑफ डान्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा अभ्यासक्रम आणखी वेगळा. नवशिक्याने एका गुरूची एकच पद्धत धरावी. व्हिडिओ बघून दोन पद्धतींचं मिश्रण केलं की हातपाय गोंधळतात.

नवशिक्याला पहिल्या वर्षी पहिलं, दुसरं आणि तिसरं स्थान पुरतं. पाचवं स्थान दिसायला सुंदर, पण ते मांडीच्या पूर्ण वळणाशिवाय येत नाही, आणि घाई केली तर गुडघे एकमेकांवर दाबले जातात.

या स्थानांत उभं राहणं हाच पहिला धडा. ते सोपं वाटतं, पण नाही. वजन टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ या तीन बिंदूंवर सारखं वाटलेलं हवं. गुडघे सरळ, पण मागे दाबलेले नकोत. पोट आत, बरगड्या मिटलेल्या, खांदे खाली. मान लांब, नजर समोर. डोक्यावर हंडा घेऊन बांधावरून चालणाऱ्या बाईचा कणा बघा: पाय चालतात, कमर हलते, पण मान आणि डोकं एका रेषेत राहतं, आणि चेहऱ्यावर ताण नसतो. बॅलेला हाच कणा हवा असतो.

दांडा धरून

वर्गाचा पहिला अर्धा भाग कमरेच्या उंचीच्या आडव्या दांड्याजवळ होतो. त्याला बार म्हणतात. दांडा लटकायला नसतो. त्यावर हात हलका ठेवायचा. बोटं उचलली तरी तोल जाऊ नये. जगप्रसिद्ध नर्तकही रोज सकाळी याच दांड्याजवळ उभे राहून तेच व्यायाम करतात जे सात वर्षांची मुलगी पहिल्या महिन्यात करते.

पहिला व्यायाम प्लिए. म्हणजे गुडघे वाकवणं. अर्ध्या प्लिएत टाचा जमिनीवरच राहतात, गुडघे बोटांच्या दिशेने उघडतात, धड सरळ खाली उतरतं. कमरेतून पुढे झुकायचं नाही, नितंब मागे काढायचे नाहीत. भरतनाट्यमच्या अरमंडीची आठवण येईल, आणि ती खरीच आहे: दोन्हींत गुडघे बाहेर उघडतात. फरक असा की अरमंडीत नर्तक बसून राहतो, तर प्लिए सतत चालू असतो. खाली जाताना तो थांबत नाही आणि तळाला पोहोचताच वर निघतो. पूर्ण प्लिएत शरीर खूप खाली जातं आणि दुसरं स्थान सोडून इतर स्थानांत टाचा उचलल्या जातात. तो गुडघ्यांवर जड पडतो, म्हणून सुरुवातीला अर्धाच करावा.

दुसरा व्यायाम तांद्यू. हा जवळून बघण्यासारखा आहे. पहिल्या स्थानात उभे राहा. उजवं पाऊल पुढे सरकवायचं आहे, पण उचलायचं नाही. आधी टाच पुढे निघते. सगळा तळवा जमिनीला घासत जातो. मग टाच जमीन सोडते, वजन मात्र डाव्या पायावरच असतं. पाऊल चवड्यावर येतं, कमान उंचावते आणि शेवटी फक्त बोटांची टोकं जमिनीला लागतात. गुडघा पूर्ण वेळ सरळ. इथे क्षणभर थांबायचं. परत येताना क्रम उलटा: आता बोटं पुढाकार घेतात, चवडा टेकतो, तळवा घासत येतो आणि टाच आपल्या जागी बसते. एवढ्याशा हालचालीत किती चुका होऊ शकतात! बोटं मुडपली जातात. उजवी कमर वर उचकते. वजन पुढच्या पायावर झुकतं. घोटा आत वळतो. गुरू म्हणूनच चार मात्रांत बाहेर आणि चार मात्रांत आत अशी कूर्मगतीने तालीम घेतात. तळव्याचे बारीक स्नायू याच घासण्याने तयार होतात, आणि पुढे उडी मारताना जमिनीला ढकलतात ते हेच स्नायू.

तिसरा रेलव्हे: दोन्ही टाचा उचलून चवड्यावर चढणं आणि हळूच उतरणं. चढण्यापेक्षा उतरणं महत्त्वाचं. धपकन टाच टेकली तर पोटरीने काम केलंच नाही असं समजावं. यापुढे पाऊल जमिनीपासून थोडं उचलणं, बोटांनी जमिनीवर अर्धवर्तुळ काढणं, पाय झटकणं, पाय उंच फेकणं असे व्यायाम क्रमाने येतात. सगळ्यांच्या तळाशी प्लिए आणि तांद्यूच असतात. हे दोन कच्चे राहिले तर वरचं काहीच पक्कं होत नाही.

संगीताची अडचण मराठी मुलांना येऊ नये. बॅलेच्या वर्गात आठ-आठच्या गणतीवर काम चालतं. केहरव्याच्या आठ मात्रा ज्याच्या कानात आहेत त्याला ती गणती शिकवावी लागत नाही. तीनाच्या गणतीचा वॉल्ट्झ ऐकला की दादऱ्याचे तीन-तीनचे दोन खंड आठवतात. वेगळेपण आघातात आहे. आपल्या नाचात पाय जमिनीवर आपटून ताल सांगतो. बॅलेत पाऊल आवाज न करता ताल दाखवतं.

उडी आणि गिरकी

दांडा सोडला की मोकळ्या जागेत हातांच्या हालचाली, तोल, मग छोट्या उड्या येतात. पहिली उडी सोते: पहिल्या स्थानातून प्लिए, वर, पुन्हा प्लिए. वर असताना गुडघे ताठ आणि बोटं जमिनीकडे रोखलेली.

मुलांचं लक्ष वर जाण्याकडे असतं. गुरूचं लक्ष खाली येण्याकडे. उतरताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पायांवर येतो. आधी बोटं, मग चवडा, मग टाच आणि लगेच प्लिए असं उतरलं तर हा भार घोटा, गुडघा आणि खुबा यांत वाटला जातो. टाच हवेत ठेवून नुसत्या चवड्यावर उतरलं, किंवा गुडघे ताठ ठेवले, तर नडगीचं दुखणं लवकर मागे लागतं. याची परीक्षा घरी घेता येते. मुलाला आठ उड्या मारायला सांगा आणि तुम्ही डोळे मिटून ऐका. धप्प आवाज आला तर उडी थांबवून पुन्हा प्लिएकडे जायचं. आवाज येईनासा झाला की उडी बसली.

गिरकीचं रहस्य मानेत आहे. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. आपण फिरतो तेव्हा हा द्रव हलतो, थांबल्यावरही क्षणभर हलतच राहतो, म्हणून जग फिरल्यासारखं वाटतं. नर्तक समोरचा एक बिंदू धरतो. शरीर फिरायला लागतं, तरी नजर त्या बिंदूवर; अगदीच अशक्य झालं की डोकं झटकन फिरतं आणि शरीराच्या आधी त्याच बिंदूवर येऊन ठेपतं. कथकच्या चक्करांतही नजर अशीच धरतात. फक्त तिथे फिरणं टाचेवर असतं आणि बॅलेत चवड्यावर. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी 2013 मध्ये बॅले नर्तकींच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध केला. कानातून येणाऱ्या संदेशांवर काम करणारा लहान मेंदूतला एक भाग वर्षानुवर्षांच्या सरावाने बदलतो आणि भोवळ कमी जाणवते, असं त्यात दिसलं. नवशिक्याने मात्र पाव गिरकी, अर्धी गिरकी अशा पायऱ्यांनीच जावं.

वय, बूट आणि जमीन

पाच-सहा वर्षांचं मूल वर्गात जाऊ शकतं, पण त्या वयात चालणं, धावणं, टाळ्या, कल्पनेतले खेळ एवढंच असावं. शिस्तीचा बार सात-आठ वर्षांनंतर. दहाव्या, बाराव्या, चौदाव्या वर्षी सुरुवात केली तरी दार बंद होत नाही. अमिरुद्दीन आणि मनीष ही त्याची ढळढळीत उदाहरणं आहेत. उशिरा येणाऱ्याला मेहनत जास्त पडते, आणि घाईचा मोहही जास्त असतो. वाढीच्या झपाट्यात हाडं आधी लांबतात, स्नायू मागून येतात; काल जमलेलं आज जमत नाही. त्या महिन्यांत मुलावर चिडू नये आणि ताणून धरू नये.

बोटांच्या टोकावर उभं राहण्याचे पॉइंट शूज हा सर्वांत मोठा मोह. त्यांच्या टोकात लाकूड नसतं. कापड, कागद आणि खळ यांचे थर वाळवून ते कडक केलेलं असतं. पण बूट नर्तकीला उभं करत नाही, तिच्या पायांचं आणि पोटाचं बळ उभं करतं. नृत्य-वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: साधारण बारा वर्षांआधी नाही, आणि तेही काही वर्षांचं नियमित शिक्षण झाल्यावर, घोटे आणि धड पुरेसे बळकट असतील तरच. ऑनलाइन मागवलेले पॉइंट शूज घालून घरात उभं राहणाऱ्या मुलीला तत्काळ थांबवलं पाहिजे. तिच्या पावलांची हाडं अजून वाढत असतात.

सुरुवातीला बूट लागतच नाहीत. अनवाणी पाय चालतो. पुढे मऊ कातड्याची किंवा कापडाची सपाता घ्यावी. गुडघे दिसतील असे अंगाबरोबरचे कपडे आणि बांधलेले केस पुरेसे. जमिनीचा विचार मात्र करावा लागतो. बॅलेच्या वर्गात लाकडाची, खालून लवचीक अशी जमीन असते. सिमेंटच्या ओट्यावर आणि फरशीवर उड्या मारू नयेत; दांड्याचे व्यायाम तिथे चालतील. सपाट, खडे नसलेलं मातीचं अंगण सिमेंटपेक्षा बरं.

नंदुरबार जिल्ह्यात आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. इथल्या आदिवासी समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण लक्षणीय आहे. मुलाची तपासणी झालेली नसेल तर ती आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाला अंगातलं पाणी कमी होणं, अति दमणूक आणि थंडी यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. त्याने डॉक्टरांना विचारूनच आणि मध्येमध्ये पाणी पिऊन, विश्रांती घेऊन नाचावं. सिकलसेलचा नुसता वाहक असलेल्या मुलानेही पाण्याची हयगय करू नये. आणि ‘नाचायचं म्हणून बारीक व्हायचं’ हे कोणीही मुलाच्या कानावर घालू नये. वाढत्या नर्तकाला भाकरी, डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे पोटभर लागतात. उपाशी पोटी बॅले होत नाही.

विसरवाडीतून पहिलं पाऊल

विसरवाडीसारख्या गावात बॅलेचा गुरू दारात मिळत नाही, हे खरं. मुंबई आणि पुण्यासारख्या शहरांत नियमित वर्ग आहेत. विसरवाडीहून ती शहरं रोजच्या जाण्यायेण्याची नाहीत. म्हणून काय एकट्याने करावं आणि काय करू नये, याची रेषा नीट आखावी.

एकट्याने, किंवा शाळेतल्या बाईंच्या देखरेखीखाली, हे करावं: सरळ उभं राहणं, सहज वळणातला अर्धा प्लिए, तांद्यू, रेलव्हे, एका पायावर तोल, हलक्या उड्या आणि आवाज न करता उतरणं. पाश्चात्त्य संगीत ऐकून आठाची आणि तीनाची गणती ओळखणं. रोज वीस मिनिटं पुष्कळ झाली. शाळेच्या व्हरांड्याचा कठडा किंवा भिंतीला पक्का ठोकलेला गुळगुळीत बांबू हा चांगला दांडा होतो. सोबत आपला नाच सोडू नये. होळीच्या रांगेत तासन्‌तास नाचून मिळणारा दम, ढोलाशी जुळणारं पाऊल आणि शेजाऱ्याच्या खांद्याशी खांदा लावून हलण्याची सवय यांचा बॅलेच्या समूहनृत्यात उपयोगच होतो. जवळ भरतनाट्यम, कथक किंवा जिम्नॅस्टिक्सचा चांगला शिक्षक असेल तर त्याच्याकडे जावं. अंगाला शिस्त लागली की बॅलेचा रस्ता अर्धा चालून झालेला असतो.

व्हिडिओ बघून हे करू नये: पाय रेटून पूर्ण वळवणं, कोणाला तरी पायावर बसवून किंवा दाब देऊन फाकवून घेणं, एकामागून एक गिरक्या, मोठ्या झेपा आणि टोकावर उभं राहणं. यातलं प्रत्येक काम गुरूच्या डोळ्यांसमोरच व्हावं.

गुरू शोधताना चार प्रश्न विचारावेत. तुम्ही कुठल्या पद्धतीत आणि किती वर्षं शिकलात? वर्गाची सुरुवात दांड्याने होते का? टोकावर कधी चढवता? दुखलं तर काय करता? पहिल्या दोनांना सरळ उत्तर मिळालं, तिसऱ्याला ‘बारानंतर, पाय बघून’ असं मिळालं आणि चौथ्याला ‘थांबवतो’ असं मिळालं, तर तिथे मूल सोडायला हरकत नाही. सहा महिन्यांत टोकावर उभं करतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नये, त्याची फी कितीही कमी असो. उन्हाळ्याच्या सुट्टीत शहरात नातेवाइकांकडे राहून एखादी कार्यशाळा करता आली तर करावी. तिथे शिकलेले चार व्यायाम वर्षभर घरी घोटता येतात.

सगळीच मुलं रॉयल बॅलेत जाणार नाहीत, जायला हवीत असंही नाही. पण वर्षभर नीट शिकलेलं मूल ताठ उभं राहतं, हलकं उतरतं, ऐकून हलतं आणि एकच गोष्ट शंभरदा करायला कंटाळत नाही. त्यापुढे काही झालं नाही तरी हे वर्ष फुकट जात नाही. म्हणून विसरवाडी परिसरातल्या शिक्षकांना आणि पालकांना विनंती आहे: एखादा मुलगा किंवा मुलगी हा नाच शिकायचं म्हणाली तर हसू नका आणि घाईही करू नका. तिला एक दांडा लावून द्या, तिची सिकलसेल तपासणी करून घ्या, आणि चांगला गुरू सापडेपर्यंत तिला रोज फक्त उभं राहायला, वाकायला आणि आवाज न करता उतरायला शिकवा.